सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, मग पहिलं मराठी नाटक झालं ते थिएटर आज बघता येतं का?

पहिलं नाटक थिएटरात झालंच नव्हतं हो! 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर झालं ते राजवाड्यात, सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर. तेव्हा इथं नाट्यगृह नावाची इमारतच नव्हती. त्यामुळं बघायचं असेल तर गणेशदुर्गातला राजवाडा आधी बघा, भावे नाट्यमंदिर नंतर.

झालं असं की आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक नाटकं करणारे कलावंत, सांगलीत खेळ करून गेली, ते बघून राजेसाहेबांनी पदरी असलेल्या भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी मराठीत करा पण याहून चांगलं. मला यातली खरी कमाल वाटते ती ही की सोय नव्हती म्हणूनच त्या नाटकाची घडण तशी झाली. हल्लीसारखे देखावे बदलणं नाही, विजेचे दिवे नाहीत, मग गोष्ट पुढं नेणार कोण, तर सूत्रधार. तो आणि त्याचे साथीदार शेवटपर्यंत तिथंच उभे, टाळ मृदंगावर पदं म्हणतायत, आता वन आलं, आता सभा भरली हे सगळं गाण्यातून सांगतायत आणि पात्रं येऊन आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलतायत. भाव्यांनी लिहिली ती पदं, संवाद नाही. सुरुवातीला विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची, आणि राक्षस आला की अशी आरोळी ठोकायचा की पुढं या नाटकांना लोक अललडुर्रच म्हणायला लागले.

1851 मध्ये आप्पासाहेब गेले, राजाश्रय संपला आणि भाव्यांची नाटक मंडळी गावोगाव फिरायला लागली. 1853 ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. ते थिएटर बांधलेलं इंग्रजी नाटकांच्या धर्तीवर, आणि त्यात आपला सूत्रधार टाळ घेऊन उभा! मराठी नाटक आधी जन्माला आलं आणि इमारतीत शिरलं नंतर, हे लक्षात ठेवून राजवाडा बघितलात तर जास्त मजा येईल.

शंभर वर्षं झाली तेव्हा 1943 ला शताब्दीचं नाट्यसंमेलन सांगलीतच भरलं होतं, अध्यक्ष सावरकर. आजचं भावे नाट्यमंदिर त्याच विष्णुदासांच्या नावाचं. इमारत म्हणून राजवाड्याइतकी जुनी नाही पण नाटकवाल्यांना तिथं प्रयोग करायचा मान वाटतो, आणि विष्णुदास भावे गौरव पदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व होते यावरून काय ते समजा.

वेळ असेल तर हरिपूरला पण जाऊन या, जवळच आहे, कृष्णा वारणेचा संगम आहे आणि संगीत शारदा लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तिथलेच. जमलं तर 5 नोव्हेंबर धरूनच या, मराठी रंगभूमी दिन असतो आणि पदक त्याच दिवशी देतात.