पोराचा नंबर खाली आला, आता पलटणीत कसं होणार?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही कोरेगावचे. मुलगा एनडीएची 3 वर्षं आणि डेहराडूनला आयएमएचं (लष्करी ॲकॅडमीचं) 1 वर्ष करून आत्ताच लेफ्टनंट झाला, पायदळ मिळालंय. पण मेरिटमधे नंबर बराच खाली आहे आणि पावणेरावळे तेच विचारतात. आता नोकरीत पण मागं पडणार का हो तो?

उत्तर : वहिनी, पावण्यांचं आधी सोडा. नंबर अगदीच फुकट नसतो, बॅचमधली सिनियॉरिटी त्याच्यावर लागते हे खरंय. पण कॅप्टन 2 वर्षांनी, मेजर 6, लेफ्टनंट कर्नल 13 हे एकूण सर्व्हिसच्या वर्षांवर होतं (मधे परीक्षा असतात त्या द्याव्याच लागतात), खरी चाळणी लागते कर्नलच्या निवड बोर्डाला आणि तिथं बघतात वर्षानुवर्षांचे एसीआर, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेले गोपनीय शेरे. डेहराडूनला दोरावर कोण किती भराभर चढला ते तोवर कुणाच्या लक्षातपण नसतं.

ॲकॅडमीत सगळं आखीव असतं बघा, वेळ ठरलेली, उस्ताद डोक्यावर उभा, चुकलात तर शिक्षा तुमची तुम्हाला. पलटणीत चुकलात की मागचे 30 जण चालतात. माझंच सांगतो, मराठा लाईट इन्फंट्रीत नवा नवा होतो, मॅप रीडिंगमधे ॲकॅडमीत चांगले मार्क पडलेले, आणि रात्रीच्या गस्तीला तोऱ्यात अख्खी प्लाटून (पलटणीतली आपल्या हाताखालची तुकडी) चुकीच्या नाल्यात घेऊन गेलो. सुभेदारसाहेब खटावकडचे, त्यांना केव्हाच कळलं होतं. पण जवानांसमोर एक शब्द नाही, नुसतं म्हणाले, "साहेब, पोरं पाणी पितील जरा?" आणि माझ्या शेजारी बसून टॉर्चवर हात धरून नकाशाकडं बघत राहिले. मी गुपचूप कंपास परत लावला. पाणी कुणालाच नको होतं हे मला सकाळी कळलं.

टॉपर वाईट असतात असं नाही हां, चांगलेच असतात, पण काहींना विचारायची लाज वाटते आणि तिथंच फसतात. तुमच्या पोराला लाज नसेल तर उलट बरंय. एक मात्र सांगा त्याला, आता महूला यंग ऑफिसर्स कोर्सला पाठवतील, तिथलं ग्रेडिंग रेकॉर्डवर जातं, ते हसण्यावारी न्यायचं नाही.

आणि फोनवर नंबराचं काढू नका, प्लाटूनमधल्या किती जणांची गावं पाठ झाली ते विचारा, कुणाची बायको बाळंत झाली, कुणाची रजा अडकलीय हे त्याला ठाऊक आहे का बघा. सुट्टीवरून परत जाताना साताऱ्याच्या मोती चौकातून कंदी पेढे जरा जास्तच बांधून द्या, किलोभर 30 जणांत काही पुरत नाही.