बकरीच्या पेशी लवचीक की नुसत्याच लहान?

प्रश्न : माणूस, कुत्रा आणि बकरी यांच्या तांबड्या रक्तपेशींची लवचीकता आम्ही ५ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीने मोजली. बकरीचं रक्त देवनारहून आणलं होतं आणि तेच सगळ्यांत आधी गाळून झालं. म्हणजे बकरीच्या पेशी सर्वांत लवचीक का? – एमएस्सीचे दोन विद्यार्थी, परळ

उत्तर : नाही. तुम्ही लवचीकता नाही, आकारमान मोजलंत. माणसाच्या तांबड्या पेशीचं घनफळ साधारण ९० फेम्टोलिटर (म्हणजे घन मायक्रॉन), कुत्र्याचं ७०, बकरीचं जेमतेम २०. पेशीचा तेवढ्याच घनफळाचा कडक गोळा झाला असं धरा. माणसाचा गोळा साडेपाच मायक्रॉनचा होईल आणि छिद्रात अडकेल, कुत्र्याचा ५.१, तोही काठावरच. बकरीचा मात्र ३.४ मायक्रॉनचा. तो न वाकताच पार! तिच्यासाठी ३ मायक्रॉनची गाळणी हवी, पण छिद्रं बदलली की आकड्यांची थेट तुलना संपली.

म्हणून प्रजातींची तुलना एक्टासायटोमीटरवर करावी, म्हणजे प्रवाहात पेशी किती ताणल्या जातात हे लेसरने मोजणाऱ्या यंत्रावर. २५ मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर पीव्हीपी या पॉलिमरच्या दाट द्रावणात मिसळा, ३७ अंश सेल्सिअसला फिरवा आणि लेसरच्या विवर्तन-आकृतीची (पेशींवर पडून पसरलेल्या प्रकाशाच्या ठशाची) लांबी व रुंदी घ्या. दोन्हींतला फरक भागिले बेरीज, हा झाला लांबण-निर्देशांक. इथे बकरी माणसाच्या बरीच मागे पडते. लहान पेशींची आकृती जास्त पसरते, तेव्हा कॅमेऱ्याची प्रकाशपातळी प्रत्येक प्रजातीसाठी नव्याने लावा. नाहीतर कडा कापल्या जातात. उंटाच्या पेशी मुळातच लंबगोल असतात. त्या न ताणता नुसत्या प्रवाहाच्या दिशेने वळल्या तरी निर्देशांक वाढतो, त्याला भुलू नका.

गाळणीच वापरायची असेल तर आधी पांढऱ्या पेशींचा थर काढा. त्या मोठ्या आणि कडक. थोड्या राहिल्या तरी छिद्रं तुंबतात आणि दोष तांबड्यांवर येतो. हिमॅटोक्रिट (द्रवातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) सगळ्यांचं १० टक्के ठेवा.

नमुन्याचंही सांभाळा. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या मिठाची) नळी अर्धीच भरली तर मीठ जास्त होऊन पेशी आकसतात. बकरीच्या पेशी पातळ द्रावणात माणसाच्या पेशींआधी फुटतात, त्यामुळे बफर (पेशी ज्यात ठेवतो ते क्षारद्रावण) जरा पातळ झालं तरी वरचा द्रव लालसर दिसतो. तो नमुना टाकून द्या. देवनार ते परळ ट्रॅफिकमध्ये नळ्या बर्फाला टेकवू नका, फडक्यात गुंडाळलेले जेल-पॅक ठेवा. उकाड्यात नुसत्या ठेवल्या तर पेशी ग्लुकोज संपवतात, एटीपी (पेशीचं इंधन) घटतं आणि त्या ताठरतात. चार तासांच्या आत मोजून मोकळे व्हा.