प्रश्न तुमचे : पेरणी यंत्र रानात उतरवण्याआधी

प्रश्न : चार ओळींच्या टोकण यंत्राने सोयाबीन पेरताना उजवीकडच्या दोन ओळी खोल जातात, डावीकडच्या उथळ राहतात. फण (जमीन चिरणारे दाते) तर मोजून सारखे लावले आहेत. मग फरक कुठून येतो?

फण सांगाड्याला सारखे आहेत, पण सांगाडाच जमिनीला समांतर नाही. अशा वेळी फण वर-खाली करू नका. आज जुळल्यासारखे वाटेल, पण पुढच्या वेळी यंत्र जोडताना आतापर्यंतची सगळी मापे चुकतील.

सुरुवात टायरपासून करा. मागच्या दोन टायरांपैकी एकात हवा कमी असेल तर ट्रॅक्टरच कलतो आणि मागचे यंत्रही कलते. हवा सारखी करून ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर आणा आणि फणांची टोके जमिनीला जेमतेम टेकतील इतके यंत्र उतरवा. सांगाड्याच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. फरक आला तर उजव्या लिफ्ट रॉडचे, म्हणजे यंत्र उचलणाऱ्या उभ्या दांड्याचे, हँडल फिरवा. बहुतेक ट्रॅक्टरवर ही सोय त्याच बाजूला असते. रॉड आखूड केला की उजवी बाजू उचलते, लांब केला की खाली बसते. तुमच्याकडे उजवी बाजू खोल जाते आहे, म्हणजे रॉड आखूड करायचा आहे.

त्यानंतर टॉप लिंक, म्हणजे यंत्राचा माथा ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा. याकडे फार दुर्लक्ष होते आणि बी वाया जाण्याचे मोठे कारण इथेच सापडते. टॉप लिंक आखूड केली की सांगाड्याचा माथा ट्रॅक्टरकडे ओढला जातो, मागची बाजू उचलते आणि पुढचे फण जास्त रुततात. खताचे फण पुढे आणि बियाण्याचे मागे असतील तर खत खोल जाते, बी मात्र वरच्या कोरड्या मातीत पडते. लिंक लांब झाली तर उलटे होते. बी खोल जाते आणि खताच्या पातळीला येऊन टेकते, मग कोवळ्या मुळांना चटका बसतो. खत बियाण्याच्या बाजूला सुमारे 5 सेंमी आणि खाली सुमारे 5 सेंमी पडावे. सांगाड्याच्या आडव्या आणि उभ्या (पुढून मागे जाणाऱ्या), दोन्ही पट्ट्यांवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा.

एवढे करूनही काम निम्मेच झाले. रानात टायर भुसभुशीत मातीत दबतात, ओढीने यंत्र थोडे झुकते, त्यामुळे कडक जागेवरची लेव्हल तिथे तशीच राहत नाही. पेरणीच्या वेगाने 20 मीटर जा, यंत्र न उचलता थांबा आणि बाजूने सांगाडा पाहा. मग प्रत्येक ओळीत पाच ठिकाणी माती हळूच खरवडा. वरचा फिका, कोरडा थर संपून काळसर ओल लागते तिथे बी दिसायला हवे. जमिनीवर पट्टी आडवी ठेवून तिथपासून खोली मोजा. सोयाबीनला 3 ते 5 सेंमी पुरे. ओळीओळींत अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालेल.

फक्त टायरच्या मागे येणाऱ्या ओळी उथळ निघाल्या तर तिथली माती चाकाने दबली आहे. त्या ओळींचे फण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खाली घ्या. फण हलवायचे ते एवढ्याच कारणासाठी.

यंत्राला खोलीची चाके असतील तर पेरताना हायड्रॉलिकचा लिव्हर पूर्ण खाली सोडा. यंत्राचा भार चाकांवर येऊ द्या, नाहीतर खोली चाकांऐवजी हायड्रॉलिक ठरवते. बाजूच्या चेनही ताणून घ्या. त्या सैल असतील तर यंत्र डोलते आणि दोन फेऱ्यांमधले अंतर कधी कमी, कधी जास्त पडते.

प्रश्न : घरी चाक फिरवून बियाण्याचे प्रमाण बरोबर आले होते. रानात मात्र बी कमी पडले. असे का झाले?

पेटीतले बी सोडणारी खाचांची तबकडी यंत्राच्या चाकावर फिरते. रानात हे चाक घसरते, घरी उचलून फिरवलेले चाक घसरत नाही. म्हणून चाकाचा घेर रानातच मोजा. चाकावर खूण करा, पेट्या भरून यंत्र पेरणीच्या खोलीवर चालवा आणि 10 फेऱ्यांत कापलेले अंतर मोजा. समजा 12.6 मीटर आले, तर एका फेरीला 1.26 मीटर.

आता हिशोब. चार ओळी, दोन ओळींत 45 सेंमी, म्हणजे रुंदी 1.8 मीटर. एका फेरीत 1.26 × 1.8 = सुमारे 2.27 चौ. मीटर पेरले जाते. एकराचा चाळिसावा भाग सुमारे 101 चौ. मीटर, त्यासाठी चाक 45 वेळा फिरवावे लागेल. यंत्र टेकूवर उचलून प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि 45 फेऱ्या द्या. एकरी 30 किलो हवे असेल तर चार पिशव्यांत मिळून 750 ग्रॅम यायला हवे, म्हणजे प्रत्येकीत साधारण 187 ग्रॅम. पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकत्र तोलल्या तर एका ओळीतली तूट दुसरीत लपून जाते. एखादीच पिशवी हलकी असेल तर त्या पेटीतली तबकडी, तिच्या खाचा आणि नळी तपासा.

वेगही मोजा. 20 मीटर 18 सेकंदांत म्हणजे ताशी 4 किमी. त्याहून बराच जास्त वेग घेतला तर तबकडीच्या खाचा भरण्याआधीच पुढे सरकतात आणि ओळीत जागा रिकाम्या राहतात.

प्रश्न : प्रत्येक तासाच्या (पेरलेल्या ओळीच्या) सुरुवातीला मीटर-दीड मीटर बी पडतच नाही. कधी नळीही तुंबते.

उभ्या ट्रॅक्टरवर यंत्र खाली टेकवले की फणाच्या तोंडात ओली माती घुसते. ट्रॅक्टर हळू चालत असताना यंत्र उतरवा, आणि यंत्र खाली असताना कधीही मागे घेऊ नका. थोडी रिकामी जागा तरीही राहते, कारण तबकडी फिरून बी नळीतून खाली यायला वेळ लागतो. शेवटी बांधाकडे दोन आडवे तास मारले की ती भरून निघते. नळी तुंबली तर इंजिन बंद करून आणि यंत्राखाली टेकू देऊनच हात घाला, हायड्रॉलिकच्या भरवशावर नाही.

प्रश्न : बीजप्रक्रिया केलेले बी पेटीत अडकते. काय करावे?

सावलीत पूर्ण सुकवा. मूठ दाबून सोडल्यावर दाणे एकमेकांना चिकटून राहिले तर ते अजून ओले आहे. सुकवल्यावरही अडत असेल तर थोडी टाल्क किंवा ग्रॅफाइट पावडर चोळा. प्रमाण मोजायचे ते मात्र प्रक्रिया केलेलेच बी घालून, कारण लेप चढलेला दाणा खाचेत वेगळा बसतो.