तबली चिकटवण्याआधी फळीचं वजन करा

"आठ वर्षांच्या लेकासाठी गणपतीपर्यंत एकतारी करतोय, भोपळा मिळाला, वखारीतून सागवानाची फळी आणली, रविवारी तबली चिकटवणार" हे तुमचं वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारी पातळ लाकडी फळी, रविवारी चिकटवू नका.

भोपळा कसा कापायचा, खुंटी कशी बसवायची यात शिरत नाही, ते तुम्हाला जमेल. मी सुतार नाही, मुलीसाठी आजवर दोन एकताऱ्या केल्या, तेवढ्याच अनुभवावर बोलतोय.

पहिली अशीच जुलैत केली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. वखारीत विचारलं, "वाळलेलं आहे ना?" उत्तर आलं, "सीझन केलेला माल आहे, साहेब." मी फळीवरून हात फिरवला, कोरडी लागली, पैसे दिले. माझी सगळ्यात महाग चूक तीच. आतलं पाणी हाताला कळत नाही. गणपतीत एकतारी छान वाजली, दिवाळीतही. एप्रिलमध्ये एका रात्री बाहेरच्या खोलीत फट् झालं. सकाळी पाहिलं तर घोडीखालून, म्हणजे तबलीवर तार जिच्यावर टेकते तिच्या खालून, कडेपर्यंत सरळ चीर. मुलीनं ती ओढणीत गुंडाळून दोन दिवस स्वतःजवळ ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही.

लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेनं बरंच आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. तबली चारही बाजूंनी भोपळ्याला चिकटलेली, म्हणजे आकसायला वाव नाही, मग ती रेषेतच फाटते. पुण्याचा पावसाळा आणि एप्रिलचं कोरडं ऊन यांतला फरक आपल्याला त्वचेवर जाणवतो, तो त्या पातळ फळीला सोसावा लागतो. उलट कोरड्या दिवसांत चिकटवलेली तबली पावसात जराशी फुगते, फुटत नाही.

वखारीत परत गेलो. "लाकूड आहे, हलणारच," एवढंच ऐकवलं. भाव मात्र वाळलेल्या मालाचा घेतला होता. लहान तुकडा नेणाऱ्या गिऱ्हाइकाशी खरं बोलायला काय जातं, याचा राग अजून गेलेला नाही.

आता काय करायचं? तबलीच्या मापाहून थोडा मोठा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून त्यावरच पेन्सिलीनं तारीख आणि ग्रॅम लिहा. लाकडी खोक्यात जुन्या पद्धतीचा 40 वॅटचा पिवळा बल्ब लावून तुकडा त्यात ठेवा, बल्बपासून लांब, वर हवेला भोकं ठेवून, आणि घरात कुणी असतानाच. एलईडीची ऊब पुरत नाही. दर रविवारी वजन करा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही तर चिकटवा. खोक्याशिवाय नुसत्या हवेवर पावसाळ्यात वजन स्थिरावलं तरी फसू नका, ती पावसाळ्यापुरती स्थिरता असते.

माझं मत विचाराल तर नवी फळी नकोच. दुसऱ्या वेळी मी पाडलेल्या वाड्याच्या दाराची फळी वापरली. जुन्या बाजारात असे तुकडे मिळतात. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडका खिळा असला तर पातं जातं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला तून नावाचं लाकूड वापरतात, ते मिळालं तर उत्तम, पण वजनाची परीक्षा त्यालाही चुकत नाही.

चिकटवायला सरसच, म्हणजे गरम करून लावायचा सुतारांचा जुना डिंकच घ्या. मी एपॉक्सी वापरलं होतं, फुटलेली तबली काढताना भोपळ्याचीही कड गेली. सरस ऊब आणि ओल देऊन सुटतो.

भोपळा आतून घासताना तोंडाला मास्क बांधा, ती धूळ घशाला फार त्रास देते. तारेचं टोक वळवून दडवा, मुलांची बोटं तिथेच जातात.

तारेचा हिशोब असा: घोडीपासून वरच्या टेकूपर्यंत 60 सेंटीमीटर आणि 0.30 मिलिमीटरची पोलादी तार धरली, तर काळी चारला (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) सुमारे साडेतीन किलोचा ताण येतो. तेवढा नीट बांधलेल्या छोट्या एकतारीला पेलायला हरकत नाही. तरी लेक कुठल्या पट्टीत गातो ते त्याच्या गाण्याच्या बाईंना आधी विचारा, लांबी त्यावरून ठरवा.

गणपतीला त्याच्या हातात चिपळ्या द्या. एकतारी दिवाळीनंतर, थंडीत चिकटवा. आज फळीचं वजन किती भरलं ते मात्र कळवा.