शून्य नायट्रेटचा आग्रह सोडा आणि अल्कलिनिटी सांभाळा

प्रवाळ पाळलेल्या तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आल्याचा तुम्हाला आनंद झाला आहे, पण मला त्याचीच अधिक काळजी वाटते. प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नत्र आणि स्फुरद लागते. ते मिळेनासे झाले की प्रवाळ फिकट पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे अडकलेला चिकट थर पसरू लागतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असू द्यावे. त्यासाठी फॉस्फेट शोषणारे माध्यम हळूहळू कमी करावे आणि माशांना थोडे अधिक खाद्य द्यावे.

खरे लक्ष मात्र अल्कलिनिटीकडे, म्हणजे पाण्यातल्या मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याकडे हवे; तो डीकेएच या एककात मोजतात. सांगाडा बांधताना प्रवाळ सुमारे २० पीपीएम कॅल्शियम वापरतात तेव्हा अल्कलिनिटी जवळजवळ २.८ डीकेएचने उतरते. म्हणजे ४२० पीपीएम कॅल्शियममधली घट जेमतेम जाणवते, तोवर ८ डीकेएचची अल्कलिनिटी ढासळलेली असते. ती रोज ठरावीक वेळी मोजून वहीत नोंदवा, आठवड्याभराचा खप काढा आणि तो भरून निघेल तेवढीच अल्कलिनिटी वाढवणाऱ्या द्रावणाची मात्रा द्या. आकडा घसरलेला दिसला तरी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा अधिक वाढवू नका, कारण पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात अशा उडीने फांद्यांची टोके जळून पांढरी पडतात. मॅग्नेशियम महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरते. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र आरओच्या गोड्या पाण्यानेच भरा. खारे पाणी घातल्यास खारेपणा चढत जातो आणि बाकीचे सगळे आकडे फसवे ठरतात.