ईजीआर काढण्याआधी कूलंट कुठे जातंय ते शोधा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. 2018 ची बीएस-4 गाडी, चढाला ओढत नाही, मागून काळा धूर, चेक लॅम्प लागतो नि विझतो, दर आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कूलंट घालावं लागतं, आणि मिस्त्री म्हणतो ईजीआर (धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून किट बसवू, नऊ हजारात मोकळे व्हाल. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की पत्ती (ईजीआरची वाट बंद करणारी किटमधली धातूची चकती) कुठल्या बाजूला बसवायची आणि ट्यूनिंग करावं लागेल का.

2021 मध्ये माझ्या गाडीचं हेच दुखणं होतं. मी किट बसवलं. ते काम शेवटी 1 लाख 38 हजारांना पडलं, आणि त्यात 23 दिवस गाडी उभी राहिली त्याचं भाडं धरलेलं नाही.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही. एकोणीस वर्षं गाड्या आहेत. पिंपळगावहून टोमॅटो, कांदा घेऊन वाशीला जायचं आणि येताना भिवंडीच्या गोदामांतून परतीचा माल भरायचा, हा आमचा धंदा. प्रत्येक इंजिनाची रचना वेगळी असते, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या गाडीला जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका.

तुमच्या पोस्टमधली कूलंटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. खरं दुखणं तिथेच आहे. काळ्या धुराला दहा कारणं असतात. टर्बोपासून इंटरकूलरला जाणारा होस फाटलेला असतो, एअर फिल्टर चोंदलेला असतो, इंजेक्टर गळत असतो, हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या तोंडावर काजळी बसलेली असते, ईजीआरचा वाल्व उघडाच अडकलेला असतो. पण बाहेर एक थेंब न सांडता कूलंट कमी होत असेल, तर ते इंजिनाच्या आत जातंय. ईजीआर असलेल्या गाडीत पहिला संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या हेडखालचं सील) घेऊ नका, ईजीआर कूलरवर घ्या. त्या कूलरच्या बारीक नळ्यांमधून एका बाजूने तापलेला धूर जातो आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. नळीला चीर गेली की कूलंट धुराबरोबर निघून जातं. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आणि गोडसर वास येतो का, ते उद्याच बघा.

माझ्याकडे हे सगळं होत होतं. आणि इथे माझा राग आहे तो अधिकृत सर्व्हिस सेंटरवर. नाव लिहीत नाही, लिहून काही निष्पन्न होणार नाही. तीन महिन्यांत तीन वेळा गाडी नेली. तिन्ही वेळा तक्रार तीच, कूलंट कमी होतंय. पहिल्यांदा कॅप बदलली. दुसऱ्यांदा कूलंट भरून जॉब कार्डवर ‘ओके’ लिहून दिलं. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या माणसाने गाडीकडे न बघताच ‘निरीक्षणाखाली ठेवा’ असं लिहिलं. गाडी वाढीव वॉरंटीत होती. कूलर काढून त्यात हवा भरून पाण्यात बुडवला असता तर अर्ध्या तासात बुडबुडे दिसले असते. ते तीन कागद मी अजून जपून ठेवलेत. पुढे इंजिन खोलल्यावर त्याच काउंटरने पहिला फोटो काढला तो पत्तीचा, आणि वॉरंटी नाकारली. नाकारली ते मला मान्य आहे, गाडीत फेरफार मीच केला होता. पण मी हात जोडून तीनदा दारात उभा होतो तेव्हा कोणी बॉनेटसुद्धा उघडलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

तिथून वैतागून मी हायवेवरच्या एका गॅरेजला गेलो. त्याने कूलर काढला, दोन्ही तोंडांना पत्त्या मारल्या, लॅपटॉप लावून ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) दुसरी फाइल टाकली. गाडी लगेच हलकी वाटायला लागली. कूलंटही कमी होईना. मी चार जणांना त्या गॅरेजचा नंबर दिला. त्या चौघांना नंतर फोन करून सगळं सांगितलं.

आता चूक कुठे झाली ते नीट वाचा. कूलर निघाला की त्याला जोडलेल्या कूलंटच्या दोन नळ्या उघड्या पडतात, एक येणारी आणि एक जाणारी. काही इंजिनांत त्या एकमेकांना जोडून प्रवाह चालू ठेवावा लागतो. त्या गॅरेजने काय केलं? जुन्या बोल्टचं मुंडकं कापून एकेक तुकडा प्रत्येक नळीत ठोकला आणि वरून एकच क्लिप आवळली. मी शेजारी उभा राहून हे बघितलं. मनात आलंही, की बोल्टचे आटे रबराला आतून कापतील. पण माल भरायला उशीर होत होता, म्हणून बोललो नाही. माझं नुकसान त्या गप्प बसण्याने केलं.

गरम कूलंटचा दाब एक बारच्या आसपास असतो. रबर तापतं, फुगतं, निवतं, आखडतं. चार आठवडे ते टिकलं. जुलैमध्ये भिवंडीहून माल भरून आमचा ड्रायव्हर रात्री कसारा घाट चढत होता. पाऊस आणि दाट धुकं. एका वळणावर बोल्ट सुटला आणि सगळं कूलंट रस्त्यावर गेलं. त्या धुक्यात बॉनेटखालची वाफ दिसणार कशी? तो वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पण त्याची नजर तापमानाच्या काट्यावर होती आणि काटा वर जाण्याऐवजी खाली आला. कारण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं सांगतो. कूलंट गेलं की त्याचं टोक हवेत लोंबकळतं आणि इंजिन भाजत असताना काटा थंड दाखवू शकतो. घाटनदेवीच्या अलीकडे गाडी दम टाकून बंद पडली. सकाळी मी पोचलो तेव्हा तो पहिलं वाक्य हेच बोलला, “मालक, काटा खालीच होता.” मी त्याला एक शब्द बोललो नाही. त्याचा दोषच नव्हता.

नाशिकला हेड काढून लेथवाल्याकडे नेलं. त्याने हेडवर सरळ पट्टी ठेवली, खाली फट मोजायचं 0.25 मिमीचं फीलरचं पान सरकवलं. ते मधोमध आरपार गेलं, म्हणजे हेड वाकलं होतं. त्याने मान हलवली आणि पान पुसून खिशात ठेवलं. बोल्टचा तो तुकडा पुढच्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या दांड्यावर) अडकलेला सापडला, आट्यांमध्ये रबराचा काळा चुरा भरलेला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पत्ती मारली की घाटात जोर वाढतो, असं सगळे सांगतात. जरा विचार करा. पूर्ण लोडला, ॲक्सिलरेटर तळाला असताना, बहुतेक इंजिनांत ईसीयू ईजीआरचा वाल्व स्वतःच बंद करतो, कारण तेव्हा इंजिनाला ताजी हवा हवी असते. म्हणजे वाल्व धड असेल तर घाटात पत्तीचा उपयोगच नाही. पत्तीने फरक पडलाच, तर त्याचा अर्थ वाल्व नीट मिटत नव्हता. मग वाल्व साफ करा, नाही तर बदला. त्या वेळी मला कूलर नवा घेतला असता तर साडेअठरा हजार लागले असते, आणि वाल्वची सफाई दीड हजारात झाली असती.

स्कॅनरवाल्याला फक्त कोड वाचू देऊ नका. वाल्व किती उघडायचा हुकूम आहे आणि तो प्रत्यक्षात किती उघडलाय, हे दोन आकडे गाडी चालू ठेवून शेजारी शेजारी बघायला सांगा. नुसती पत्ती मारली तर पी-0401 सारखा, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा, कोड येऊन गाडी लिम्प मोडला जाऊ शकते, म्हणजे ईसीयू तिचा जोर कमी करतो. म्हणून ते ‘ट्यूनिंग’ विकतात. ते ट्यूनिंग म्हणजे ईसीयूची मूळ फाइल पुसून दुसरी टाकणं. मूळ फाइलची प्रत मागा, बहुतेकांकडे नसते. माझी तर गेलीच. नंतर परत आणताना पुन्हा पैसे मोजले.

कायद्याचंही सांगतो, मी वकील नाही पण चलन हातात पडल्यावर वाचलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे फेरफार करू देत नाही. कलम 182-ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाच्या निकषांसाठी कलम 190 आहेच, त्यात पहिल्या वेळी 10,000 पर्यंत दंड आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. ‘पीयूसी तर पास होते’ हे मला ऐकवू नका. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि ईजीआर असतं ते हे ऑक्साइड कमी करण्यासाठीच. अमेरिकेतले पिकअपवालेही असं किट बसवतात. तिथेही क्लीन एअर ॲक्टखाली रस्त्यावरच्या गाडीला ते बेकायदा आहे.

आणि मला हे खरंच लागतं, म्हणून लिहितो. ईजीआर जास्त काम करतं ते कमी लोडला, शहरातल्या रांगेत, बाजारात. पहाटे तीनला वाशीत गाडी चालू ठेवून आपण उभे असतो, तेव्हा मागच्या फळीशी हमाल असतात. त्यांच्या तोंडावर आपण काय सोडतो याचा विचार व्हायला हवा.

कूलर का फुटला हेही शोधा, नाही तर नवा कूलरही फुटेल. माझ्या जुन्या कूलरच्या नळ्यांवर कूलंटच्या बाजूने पांढरा थर जमलेला होता. ढाब्यावरचं बोअरचं पाणी ओतायची आमची सवय. ते जड पाणी तापून क्षार बसतात, नळ्यांना थंडावा मिळत नाही आणि त्या तडकतात. आता आम्ही गाडीत तयार कूलंटचा पाच लिटरचा डबा ठेवतो. अगदीच वेळ आली तर डिस्टिल्ड पाणी.

बाकी किरकोळ. वाल्व साफ करताना स्प्रे मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका, तोंड खाली धरा. नळ्या सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुना पार्ट परत मागून घ्या. बीएस-6 गाडीवर हा प्रयोग कोणी सांगितला तर तिथून निघा, तिथे नॉक्स सेन्सर (नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा), डीपीएफ (काजळीचा फिल्टर), ते ऑक्साइड कमी करणारा युरिया, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

आणि ज्यांनी आधीच हे किट बसवलंय त्यांनी आज रात्री टॉर्च घेऊन खाली वाका. नळीत बोल्ट ठोकलेला दिसला तर गाडी लोडला काढू नका. मूळ कूलर बसेपर्यंत निदान कडा उंचावलेला धातूचा जॉइंट आणि दोन्ही बाजूंना चांगल्या क्लिपा लावून घ्या, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा की चढाला काटा अचानक खाली आला तर तो वर गेल्यासारखाच समजायचा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद.

भाऊ, तुम्ही आधी कूलर काढून पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे आले की नाही ते इथे कळवा, वाल्वच्या तोंडाचा फोटोही टाका. काजळी कोरडी आहे की ओली, त्यावरून पुढचं सांगता येईल. तोवर घाटाचं भाडं घेऊ नका.