पंखाचं टोक कोण बघतं?

दोन प्रवासी विमानं जमिनीवरच एकमेकांना घासल्याची बातमी आली की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. यावेळी आलेले बहुतेक प्रश्न त्यावरचेच आहेत. विमान देखभालीत आयुष्य गेल्यामुळे माझी उत्तरं हँगरच्या बाजूने येतील, पायलटच्या खुर्चीतून नव्हे.

एवढं मोकळं मैदान, विमानं रखडत चालतात, तरी धडक होतेच कशी? (गंगापूर रोडहून एक आजी)

आजी, खिडकीतून मोकळं दिसतं खरं, पण गर्दीच्या विमानतळावर जागा मीटर-मीटरने वाटलेली असते. आपण नेहमी बसतो त्या ए320 विमानाच्या पंखांचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर 35.8 मीटर आहे. ते ज्या गटात मोडतं त्या गटाची कमाल मर्यादा 36 मीटर. उभं करताना अशा विमानाच्या आजूबाजूला किमान 4.5 मीटर जागा मोकळी असावी, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे सगळा हिशेब काठोकाठ.

शिवाय हा हिशेब एका अटीवर चालतो. प्रत्येक विमान आपल्या पिवळ्या रेघेवर हवं आणि ठरलेल्या खुणेपर्यंत पूर्ण आत आलेलं हवं. पुढचं विमान खुणेच्या थोडं अलीकडे थांबलं, तर त्याची शेपटी मागून जाणाऱ्याच्या वाटेत येते. धावपट्टीजवळ रांगेत उभं असतानाही तेच. 27 मार्च 2024 ला कोलकात्यात एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीची वाट पाहत उभं होतं, आणि जवळून जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाच्या पंखाचं टोक त्याच्या पंखाला लागलं. उभ्या विमानाच्या पंखाचा तुकडा टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, पडला. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला अमेरिकेतल्या अटलांटा विमानतळावर डेल्टाच्या ए350 ने डेल्टाच्याच एका छोट्या विमानाची शेपटी तोडली. ए350 चे पंख जवळपास 65 मीटरचे.

वळणावर आणखी घोळ होतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एसटी वळते तेव्हा तिचा मागचा कोपरा कसा बाहेर फेकला जातो, ते तुम्ही पाहिलं असेल. विमानाचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे वळताना बाहेरच्या बाजूचं टोक पायलटच्या अंदाजापेक्षा जास्त मोठा घेर घेतं. कॅप्टन बसतो डाव्या खुर्चीत. उजव्या पंखाचं टोक मधल्या रेघेपासून सुमारे 18 मीटर बाजूला, शिवाय बरंच पाठीमागे. मोठ्या जेटमध्ये तर ते टोक कॉकपिटमधून दिसतच नाही. गाडीला असतो तसा आरसा इथे नसतो.

एटीसीने परवानगी दिली होती ना? मग चूक कोणाची? (इंदिरानगर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

चांगला प्रश्न, पण उत्तर तुला आवडणार नाही. एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण. त्यातला ग्राउंड कंट्रोलर सांगतो ते कुठल्या टॅक्सीवेने जायचं आणि कुठे थांबायचं एवढंच. पंख कुठे लागत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी पायलटची. टॉवरमधल्या माणसाला दूरवरून, पावसात किंवा रात्री, दोन टोकांमधलं दोन-तीन मीटरचं अंतर डोळ्यांनी ठरवता येत नाही. रडारच्या पडद्यावर तर नाहीच.

बेवरून (विमान उभं करायच्या जागेवरून) मागे ढकलताना, म्हणजे पुशबॅकला, चित्र वेगळं. तिथे टग (विमान ढकलणारं वाहन) चालवणारा असतो, हेडसेट लावून कॅप्टनशी बोलणारा इंजिनिअर असतो, आणि दोन्ही पंखांखाली माणसं चालायला हवीत. ती माणसं कमी केली की धोका वाढतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पुढे टॅक्सीवेवर मात्र खाली कोणीच नसतं. पायलटला संशय आला तर त्याच्या हातात एकच उपाय उरतो: थांबायचं आणि विंगमन, म्हणजे पंखाखाली चालून जागा बघणारा माणूस, मागवायचा. तो थांबतो तेव्हा आत बसलेले आपण घड्याळ बघून चुकचुकतो.

कोलकात्याच्या प्रकरणात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, इंडिगोच्या दोन्ही पायलटांना लगेच ड्युटीवरून उतरवलं. पण माझं मत असं की चौकशी पायलटच्या नावावर थांबली तर ती अर्धीच. रेघ फिकट होती का, थांब्याची खूण कुठे होती, पुढच्या विमानाला रांगेत कुठे उभं केलं होतं, हे विचारायला हवं. आणि एक तांत्रिक बाब: नुकसान फक्त पंखाच्या टोकापुरतं असेल आणि कोणी जखमी नसेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची नोंद अपघात म्हणून होत नाही. बातमीतला सौम्य सूर त्यामुळे असतो, दर वेळी लपवाछपवी नसते.

खरचटलं तर एवढं काय? विमान रद्दच का करतात? (नाशिकरोड)

कारण खरचटलंय की आत काही झालंय, हे बाहेरून कळत नाही. सत्तर टनांचं वजन हळू सरकलं तरी जोर मोठा असतो. 2011 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एअर फ्रान्सच्या ए380 चं पंखाचं टोक एका छोट्या विमानाच्या शेपटीला लागलं, तेव्हा प्रवाशांसकट ते अख्खं छोटं विमान जागेवर गर्रकन फिरलं. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही.

टोकाला बसलेला धक्का पंखाच्या मुळापर्यंत जाऊ शकतो. आणि पंखाच्या पोटात इंधन असतं. म्हणून इंजिनिअर आधी खालून गळती बघतो, मग लिफ्टवर चढतो. दिव्याची काच, मागच्या कडेला असलेल्या बारीक काड्या (उडताना विमानावर साठलेली वीज त्यांतून बाहेर पडते), रंगाला गेलेले तडे, सगळं टॉर्चने. रिव्हेटभोवती काळपट डाग दिसला तर रिव्हेट ढिला झाल्याची शंका घ्यायची. ए320 च्या पंखाचं वर वळलेलं टोक कार्बन फायबरच्या थरांचं असतं. तिथे पोचा दिसेलच असं नाही, आतले थर सुटलेले असू शकतात. मग छोट्या हातोडीने हलके हलके टकटक करत पुढे सरकायचं. चांगल्या भागात आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द होतो. शंका आली की अल्ट्रासाउंड.

पोचा असेल तर त्याची खोली मोजून उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघतात. हे सगळं झाल्यावर परवानाधारक इंजिनिअरची सही. त्या सहीशिवाय विमान उडत नाही, मग आत मंत्री बसलेला असो. ज्याला धक्का बसला त्या दुसऱ्या विमानालाही हेच सगळं लागू, त्याची चूक नसली तरी.

माझी पुढची फ्लाइट चुकली. भरपाई मिळते का? (पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष निर्यातदार)

फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी निवड तुमची. त्याशिवाय डीजीसीएच्या नियमानुसार प्रवासाच्या कालावधीप्रमाणे 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर ही रक्कम मिळत नाही, आणि कंपनी तेच म्हणणार. माझ्या मते स्वतःच्या विमानाने दुसऱ्याला धडक दिली असेल तर तो युक्तिवाद लंगडा आहे. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका.

नुसता उशीर झाला तर छोट्या प्रवासात दोन तासांनंतर खाणं-पिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या वर गेला तर परतावा किंवा दुसरं विमान. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तो फटका तुमचाच. म्हणून ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली आणि दिल्लीहून परदेश हे एकाच तिकिटावर घ्या.

खिडकीतून पंख लागताना दिसला तर काय करायचं? (सिन्नर)

हाक मारून किंवा कॉल बटण दाबून क्रूला सांगा: कुठल्या बाजूचा पंख, कशाला लागला. कॉकपिटपेक्षा तुमच्या खिडकीतून ते टोक जास्त स्पष्ट दिसतं, त्यामुळे संकोच नको. उठू नका, पट्टा काढू नका. आग किंवा धूर नसेल तर विमान घसरगुंड्यांनी रिकामं करत नाहीत, कारण त्यात हातपाय मोडतात. बाहेर पडायचा आदेश आलाच, तर बॅग वरच राहू द्या. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं, आणि तरी त्यातले सगळे 379 जण बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या विमानातल्या पाच जणांचा मात्र जीव गेला.

आपल्या ओझरला असं होऊ शकतं का? (ओझर)

मुंबईत दिवसाला नऊशेहून जास्त उड्डाणं-उतरणं होतात. ओझरला प्रवासी विमानं मोजकीच, त्यामुळे आज शक्यता बरीच कमी. पण हा एचएएलचा, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमानतळ. सुखोई इथेच तयार झाली, आता तेजसची जोडणीही सुरू आहे, त्यामुळे लढाऊ आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात. सिंहस्थात चार्टर विमानं वाढतील, आणि अनोळखी पायलट पहिल्यांदाच इथे विमान उभं करतील. नवे बे आखणं सोपं आहे. त्या दिवसांत रात्री दोन वाजताही प्रत्येक पंखाखाली चालायला प्रशिक्षित माणूस असेल का, हे नाशिककरांनी आत्ताच विचारून ठेवावं.